पहिले चोवीस तास आणि पुढचे चौदा आठवडे: माहेरी जन्मलेल्या बाळाची कावीळ ‘ब’ची लस

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत कुठल्याही मराठी घरात डोकावलं, तर वर्षातून एकदा तरी माहेरी आलेली बाळंतीण दिसतेच. सासर पुण्याचं, नाशिकचं, ठाण्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन परत. मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं लसीकरणाच्या टेबलावर. एक गोष्ट वारंवार पाहिली. बाळाच्या लसींच्या तारखा आणि सासरी परतायचा मुहूर्त एकमेकांना हमखास आडवे येतात. पेंटाव्हॅलंट या एकत्र लसीचे (तिच्यातच कावीळ ‘ब’चीही लस असते) तीन डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुमारास असतात. बाळ गाडीत बसतं ते नेमकं दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसच्या मधे. कार्ड गुजरातीत, पुढचं आरोग्य केंद्र महाराष्ट्रात, आणि मधल्या गडबडीत कावीळ ‘ब’चा शेवटचा डोस राहतो.

यंदा माझी भाची इथे बाळंत झाली. तिला तोंडी जे जे सांगितलं ते नीट लिहून काढावं, म्हणून हा लेख. तिच्यासारख्या सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

कुठली कावीळ?

लसीबद्दलचा अर्धा गोंधळ ‘कावीळ’ या एका शब्दामुळे होतो.

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच बाळांचा रंग पिवळसर दिसतो. यकृत अजून पूर्ण तयार नसतं, रक्तातलं बिलिरुबिन बाहेर टाकायला वेळ लागतो, म्हणून हा पिवळेपणा. बहुतेक बाळांचा तो आपोआप जातो, काहींना निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. त्याचा कावीळ ‘ब’शी काही संबंध नाही. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ वेगळी, ती ‘अ’ किंवा ‘ई’. कावीळ ‘ब’, म्हणजे हिपॅटायटीस ‘बी’, रक्तातून पसरते आणि बहुतेक वेळा डोळेही पिवळे करत नाही. ती गुपचूप यकृतात राहते. वीस-तीस वर्षांनी यकृत कडक होतं किंवा तिथे कॅन्सर होतो, तेव्हा कळतं.

हे एवढ्यासाठी सांगते, की “बाळ पिवळं आहे, आता कावीळची लस नको, आधी कावीळ उतरू दे” हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकलेलं आहे. नवजात बाळाच्या पिवळेपणासाठी ही लस थांबवायची नसते. दिव्याखाली ठेवलेल्या बाळालाही ती देता येते.

आता घाई कशाची, ते पाहू. मोठ्या माणसाला कावीळ ‘ब’ची लागण झाली, तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचं शरीर विषाणूला हाकलून लावतं. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांचं उलट होतं, शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो. त्यांच्या प्रतिकारशक्तीला तो परका वाटतच नाही. भारतात कावीळ ‘ब’ घेऊन जगणारी सुमारे ३ कोटी माणसं आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना ठाऊकही नसतं. म्हणून “आमच्या घरात कुणाला नाही” हे पुरेसं कारण ठरत नाही.

हा विषाणू १९६० च्या दशकात बारुक ब्लूमबर्ग यांनी शोधला, त्यांना १९७६ साली नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटीस दिन म्हणून पाळतात. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर खरोखर कमी झाला. मला या लसीबद्दल इतकी आस्था आहे, त्यामागे हेही कारण आहे. आपण बाळाच्या मांडीत टोचतो अर्धा मिलिलिटर, आणि त्याच्या चाळिशीतला कॅन्सर टाळतो.

बाळंतपणाच्या आधी: एक रिपोर्ट, एक प्रश्न

गरोदरपणात ‘एचबीएसएजी’ नावाची रक्ततपासणी होते. कावीळ ‘ब’ आहे की नाही, ते त्यात कळतं. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सासरी नाव नोंदवून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येणाऱ्या मुलींचे हे कागद अनेकदा तिकडेच राहतात. ओटभरण, साड्या, डिंकाचे लाडू सगळं येतं, फाइल येत नाही. मुलीला आणायला जाल तेव्हा फाइल स्वतः मागून घ्या. रिपोर्ट सापडत नसेल तर इथे पुन्हा तपासा, एका दिवसाचं काम आहे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर घाबरू नका, आणि लपवूही नका. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे, तो भाग आधी वाचलात तरी चालेल.

रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी जन्माची लस द्यायचीच असते. तपासणीत चूक होऊ शकते, लागण तपासणीनंतर झालेली असू शकते, आणि बाळाला पुढे घरातल्या इतरांकडूनही धोका असतोच.

प्रश्न विचारायचा तो प्रसूतिगृहात नाव घालतानाच: “कावीळ ‘ब’ची जन्माची लस तुमच्याकडे फ्रिजमध्ये असते का? रविवारी, सणाच्या दिवशी कोण देतं?” सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी ही व्यवस्था ठरलेली असते. लहान खासगी प्रसूतिगृहात लस बाहेरून मागवावी लागू शकते. बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, दुकानं बंद असतात. दिवाळीतही तेच. १४ जानेवारीच्या पहाटे जन्मलेल्या बाळाचे चोवीस तास पतंगांसाठी थांबत नाहीत. आधी विचारलेलं असेल तर धावपळ होत नाही.

पहिला दिवस: घड्याळ लावून द्यायची सुई

जन्मल्यावर बाळाला तीन लसी असतात. क्षयरोगावरची बीसीजी डाव्या दंडावर, पोलिओचे दोन थेंब तोंडात, आणि कावीळ ‘ब’ मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, बहुतेक डाव्या. यातली कावीळ ‘ब’ची लस जन्मापासून २४ तासांच्या आत. जितकी लवकर तितकी चांगली. पोलिओचा हा डोस १५ दिवसांपर्यंत देता येतो, बीसीजी वर्षापर्यंत. घड्याळाशी बांधलेली लस एकच.

गफलत कशी होते, ते माझ्या पाहण्यातून सांगते.

पहिली गफलत बीसीजीमुळे. बीसीजीची बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून काही ठिकाणी आठवड्याच्या ठरावीक वारी सगळ्या बाळांना एकत्र बोलावतात. घरच्यांना निरोप मिळतो, “लसी सोमवारी.” कावीळ ‘ब’ही सोमवारवर जाते आणि तिची वेळ निघून जाते. खरं तर कावीळ ‘ब’ची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली तर २८ दिवसांपर्यंत वापरायची सरकारी नियमाप्रमाणे परवानगी आहे. एका बाळासाठी दहा डोसची बाटली उघडली म्हणून लस वाया जात नाही. बीसीजी सोमवारी द्या, ही आज द्या, असं शांतपणे म्हणा.

दुसरी गफलत व्हिटॅमिन ‘के’मुळे. जन्मल्याबरोबर बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन देतात, तेही मांडीतच. बाहेर आजी विचारते, “सुई दिली का?” आतून उत्तर येतं, “दिली.” दोघी खरंच बोलतात, फक्त वेगवेगळ्या सुयांबद्दल. म्हणून विचारताना नाव घेऊन विचारा: “कावीळ ‘ब’ची लस किती वाजता दिली?” वेळ सांगता आली म्हणजे दिली.

तिसरी सगळ्यात वाईट. बाळाला श्वासाचा त्रास, म्हणून प्रसूतिगृहातून बालरुग्णालयाच्या काचेच्या पेटीत हलवलं. प्रसूतिगृहाला वाटलं ते देतील, बालरुग्णालयाला वाटलं यांनी दिली असेल. पाच दिवसांनी बाळ घरी आलं, कागदावर दोन्हीकडे रकाना कोरा. ते बाळ माझ्या ओळखीतल्या घरातलं होतं आणि मी तेव्हा गावात नव्हते, याची मला आजही रुखरुख आहे. बाळ हलवलं तर बाबांनी, मामांनी, जो कुणी सोबत जाईल त्याने हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचा. बाळ फार आजारी असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर लस कधी द्यायची ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. पण त्यांनी ठरवलं आहे की राहून गेलं आहे, हे आपल्याला कळलं पाहिजे.

सिझेरियन झालं तरी २४ तास तेच. आई भुलीतून पूर्ण बाहेर आलेली नसते, म्हणून ही जबाबदारी आधीच घरातल्या एका माणसाच्या नावावर टाका. आमच्या घरी ती भाचीच्या वडिलांवर होती. बाळाचं वजन लिहायच्या आधी त्यांनी लसीची वेळ लिहिली.

२४ तास हुकलेच तर? राष्ट्रीय वेळापत्रकात हा डोस पहिल्या २४ तासांसाठीच आहे, पण उशिरा दिलेल्या डोसचाही काही उपयोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठा, विशेषतः आईचा रिपोर्ट माहीत नसेल तर. आणि काही झालं तरी सहा आठवड्यांचा डोस चुकवू नका.

सव्वा महिना आणि दीड महिना

सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत, हे आपल्याकडे बहुतेक घरांत पाळतात. काही घरांत लस त्यामुळे लांबते असं मी ऐकते, पण हिशेब केला तर आडकाठीच नाही. सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. पुढच्या लसी सहा आठवड्यांनी, म्हणजे बेचाळीस दिवसांनी. देवदर्शनाला पहिल्यांदा बाहेर पडाल त्याच आठवड्यात केंद्रावर जाऊन या.

तारखा महिन्यांवर मोजू नका. ‘दीड, अडीच, साडेतीन महिने’ हे बोलायला सोपं आहे, पण कॅलेंडरच्या महिन्यांनी मोजलं तर साडेतीन महिन्यांपर्यंत आठ-एक दिवस जास्त होतात. आठवड्यांवर मोजा. त्याची एक सोपी खूण आहे: ज्या वारी बाळ जन्मलं, त्याच वारी सहा, दहा आणि चौदा आठवडे भरतात. समजा बाळ ४ मार्चला, मंगळवारी झालं. सहा आठवडे १५ एप्रिलला, दहा १३ मेला, चौदा १० जूनला, तिन्ही मंगळवार. आता तुमच्या भागातला ममता दिवस बुधवारी असेल तर १६ एप्रिल, १४ मे, ११ जून. एक दिवस उशीर चालतो, पण सहा आठवड्यांच्या आधी पेंटाव्हॅलंट देत नाहीत, आणि दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे हवेत. “गाडीचं तिकीट आहे, चार दिवस आधी देऊन टाका” असा आग्रह नर्सला करू नका.

गुजरातबाहेरून आलेल्यांसाठी: ममता दिवस म्हणजे अंगणवाडीत किंवा केंद्रावर आई-बाळाच्या तपासणीचा आणि लसीचा ठरलेला दिवस. वार आशाबेनला विचारा. आणि ‘ममता कार्ड’ म्हणजे तुमच्याकडचं माता-बाल संरक्षण कार्ड.

सहा आठवड्यांचा दिवस: कावीळ ‘ब’ दिसत नाही, पण असते

इथे दरवेळी कुणीतरी विचारतं, “कार्डावर कावीळ ‘ब’चा पुढचा डोस लिहिलेला नाही, तो कुठे घ्यायचा?” काही जण खासगीत जाऊन वेगळा डोस घेऊनही येतात. गरज नसते. पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांची एकत्र लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर. जन्माच्या डोसनंतर कावीळ ‘ब’ वेगळी येत नाही, या चौघांच्या संगतीने तीनदा येते. म्हणजे जन्माचा एक आणि पेंटाचे तीन, एकूण चार.

सहा आठवड्यांना तोंडातून दोन: पोलिओचे थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरस. सुया तीन: पोलिओची छोटीशी, कातडीच्या आत, उजव्या दंडावर. न्यूमोनियाची पीसीव्ही उजव्या मांडीत. पेंटा डाव्या मांडीत. दहा आठवड्यांचा दिवस सोपा असतो, तोंडातून दोन आणि पेंटाची एकच सुई. चौदा आठवड्यांना पुन्हा सहा आठवड्यांसारखंच सगळं.

“एवढ्याशा जिवाला एका दिवशी तीन सुया?” हा प्रश्न आजीच्या पोटातून येतो, त्याला मी कधी हसले नाही. सुई टोचताना मलाही वाईट वाटायचं. पण या लसी एका दिवशी दिल्याने कुणाचा असर कमी होत नाही आणि त्रासही तिप्पट होत नाही. बाळ रोज दूध पिताना, बोट चोखताना यापेक्षा कितीतरी जास्त जंतूंना तोंड देत असतं. सुया तीन वेगळ्या दिवशी वाटून घेतल्या तर बाळ तीनदा रडतं, तीनदा रिक्षातून हिंडतं, आणि दोन आठवडे एखाद्या आजारापुढे उघडं राहतं. नियम एवढाच की लसी एका सिरिंजमध्ये मिसळत नाहीत आणि जागा वेगळ्या असतात. खासगीत कधी एकाच मांडीत दोन द्याव्या लागल्या तर त्यांच्यात निदान इंचभर अंतर ठेवतात.

त्या दिवशी तुमच्या हातात काय काय आहे, ते सांगते. बाळाला सैल कपडे घाला, मांड्या पटकन उघड्या करता येतील असे, लंगोटाच्या वर घट्ट दुपटं नको. दूध आधी पाजलं तरी चालतं, मधे पाजलं तरी चालतं. सुईच्या वेळी बाळ आईच्या कुशीत, छातीशी असेल तर कमी रडतं, हे मी हजारदा पाहिलं आहे. टेबलावर पालथं धरून ठेवायची गरज नसते. सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढली जाते का, ते पाहा. सरकारी सिरिंज एकदा वापरली की आपोआप अडकते, पुन्हा भरता येत नाही. बाटलीवर एक छोटं वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. चौकोनाचा रंग भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. दाखवा म्हटलं तर कुठलीही चांगली नर्स दाखवते, राग मानत नाही.

खासगी डॉक्टरांनी लस औषधाच्या दुकानातून आणायला सांगितली तर एक लक्षात ठेवा. कावीळ ‘ब’ आणि पेंटा या लसींना गोठणं हे उन्हापेक्षाही घातक. बर्फावर थेट ठेवून आणली आणि गोठली, तर दिसायला लस असते, कामाची नसते. दुकानदाराकडून थंड पिशवीत घ्या, बर्फ आणि बाटली यांच्यात जाड कागद किंवा कापड ठेवा, आणि वाटेत खंडेराव मार्केटात भाजीला थांबू नका. खासगीत पेंटाऐवजी सहा आजारांची हेक्झाव्हॅलंट मिळते, तिच्यातही कावीळ ‘ब’ आहे. पहिला डोस एकीकडे, दुसरा दुसरीकडे असं झालंच तर जे दिलं ते कार्डावर नावासकट लिहून घ्या, म्हणजे तीच लस दोनदा होत नाही.

सर्दी, साधा खोकला, थोडा कणकण ताप, दोन पातळ शी, यासाठी लस पुढे ढकलत नाहीत. पण आधीच्या डोसनंतर झटका आला असेल किंवा अंगावर गांधी येऊन चेहरा सुजला असेल, तर टेबलावर बसायच्या आधी सांगा.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आणि नर्सकडून चार गोष्टी ऐकल्याशिवाय उठू नका: आज कुठल्या लसी दिल्या, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड परत आणायचं. हे चार निरोप देणं तिच्या कामाचाच भाग आहे.

घरी आल्यावर

पेंटानंतर त्या रात्री ताप, किरकिर, मांडीवर लाल गाठ, हे होणार असं धरूनच चला. एक-दोन दिवसांत उतरतं. गाठीवर स्वच्छ थंड पाण्याची पट्टी ठेवा. हळद, चुना, बर्फ काही नको. मालीशवाल्या बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की दोन दिवस मांड्यांना हात लावायचा नाही. अंघोळ चालते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन पाणी येतं आणि वण राहतो, ते अपेक्षित आहे, त्यावर काही लावू नका. आपल्या आज्यांच्या दंडावर देवीचे वण असत, तसाच हा, लस लागल्याची खूण.

तापाचं औषध लस देण्याआधी देऊन ठेवू नका. ताप आला तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. इथे एक धोका आहे, तो फार मोठा आहे म्हणून ठळकपणे सांगते. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप यांची ताकद सारखी नसते. ड्रॉप्समध्ये साधारण एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. सिरपच्या मापाने ड्रॉप्स दिले तर चौपट औषध जातं. केंद्रातून निघताना “किती मिलिलिटर, कुठल्या बाटलीतून” हे विचारून कागदावर लिहून घ्या, आणि मोठ्या भावंडाची बाटली कपाटात वेगळी ठेवा.

दवाखान्यात तडक न्यायचं ते केव्हा: तीन तासांहून जास्त वेळ न थांबणारं रडणं, १०२ फॅरेनहाइटच्या वर ताप, झटका, बाळ गळून जाणं किंवा दूध न पिणं, श्वासाला त्रास, अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणं. रोटाव्हायरसनंतरच्या आठवड्यात बाळ पोट आवळून थांबून थांबून रडू लागलं, हिरवी उलटी किंवा रक्ताची शी झाली, तर एक तासही वाट पाहू नका.

गाडीत बसण्यापूर्वी

माझ्या अनुभवात साखळी इथेच तुटते, म्हणून परतण्याचा दिवस ठरवताना पंचांगाशेजारी ममता कार्ड ठेवा. शक्य असेल तर दहा आठवड्यांचा डोस माहेरी घेऊन त्यानंतर दोन दिवसांनी निघा, म्हणजे प्रवासात ताप येत नाही आणि पुढच्या डोसला सासरी स्थिरस्थावर व्हायला जवळजवळ महिना मिळतो. आमच्या भाचीला हेच करायला लावलं. तिच्या सासूबाईंना मुहूर्त चार दिवस आधीचा हवा होता. मी स्वतः फोन करून त्यांना कारण सांगितलं, त्यांनी लगेच ऐकलं. कारण नीट सांगितलं तर बहुतेक सासवा ऐकतात.

कार्ड मोठ्या बॅगेत ठेवू नका, पर्समध्ये ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो आई, बाबा आणि एक आजी अशा तीन फोनमध्ये. कार्ड गुजरातीत आहे म्हणून अडत नाही, शिरोरेघ सोडली तर अक्षरं आपल्या ओळखीची आहेत. पण आकड्यांत फसायला होतं: गुजराती पाच आपल्याला ‘प’सारखा दिसतो आणि तीन ‘उ’सारखा. म्हणून निघण्यापूर्वी एका कागदावर देवनागरीत लिहून घ्या: बाळाची जन्मतारीख, कावीळ ‘ब’चा जन्माचा डोस कधी, पेंटा-१ कधी, पेंटा-२ कधी, पुढचं काय बाकी. नर्सबेनची सही मिळाली तर उत्तम. सरकारच्या यू-विन नोंदणीत बाळाचं नाव घालून घ्या. देशात कुठेही गेलात तरी त्या मोबाइल नंबरवर नोंद सापडते. मात्र बडोद्यात आजोबांचा नंबर देऊ नका, जो नंबर बाळाबरोबर जाणार आहे तो द्या.

सासरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या सरकारी केंद्रात जाऊन तिथल्या आशाताईंकडे नाव लिहा. पत्ता गुजरातचा आहे म्हणून लस नाकारली जात नाही. लसी त्याच, वेळापत्रक तेच, मोफतही तसंच.

आणि डोस लांबलाच तर? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे थांबलं तिथून पुढे, चार आठवड्यांच्या अंतराने. पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत झालेला असेल तर उरलेले डोस नंतरही पूर्ण करतात. “आता उशीर झाला, नर्स ओरडेल” या भीतीने घरी बसणाऱ्या आया मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. ओरडा बसला तर बसला, जा.

पुढे नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, २०२३ पासून आलेली पोलिओची तिसरी सुई आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस. सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा. यात कावीळ ‘ब’ नाही, तिचं काम चौदा आठवड्यांना संपलेलं असतं. निरोगी मुलाला तिचा बूस्टर लागत नाही.

कान टोचणं आणि जावळ

लसीकरणाच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. २००९ साली आपल्याच गुजरातमध्ये, मोडासा भागात, वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे कावीळ ‘ब’ची साथ आली आणि अनेक माणसं दगावली. बारशाच्या दिवशी सोनार घरी येऊन त्याच तारेने किंवा सुईने कान टोचतो, तेव्हा मला ते आठवतं. बाराव्या दिवशी बाळाला एकच डोस झालेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: कान चौदा आठवड्यांच्या डोसनंतर टोचा, आणि नव्या, सीलबंद सुईनेच. बारशाला नाव ठेवा, घुगऱ्या वाटा, कानाची घाई नको. जावळ काढताना पाकिटातलं नवं ब्लेड स्वतः घेऊन जा.

आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर

बाळाला वाचवण्याची सगळ्यात चांगली संधी याच घरात असते, कारण माहिती हातात आहे.

गरोदरपणातच यकृताच्या डॉक्टरांना दाखवा. रक्तात विषाणू फार असतील तर शेवटच्या तीन महिन्यांत आईला टेनोफोव्हिरच्या गोळ्या देतात, त्याने बाळाकडे जाणारा धोका आणखी घटतो. २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

जन्मल्यावर बाळाला दोन सुया: एका मांडीत कावीळ ‘ब’ची लस, दुसऱ्या मांडीत हिपॅटायटीस ‘बी’ इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं. दोन्ही शक्यतो बारा तासांच्या आत. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं आणि सगळीकडे ठेवलेलं नसतं, म्हणून प्रसूतीच्या तारखेआधी दोन आठवडे ते कुठून मिळेल हे ठरलेलं असावं. ते मिळायला उशीर होत असेल तर लस थांबवू नका, लस लगेच द्या.

आईने दूध पाजायचं. नि:शंक पाजायचं. कावीळ ‘ब’ दुधातून जात नाही, एका ताटात जेवल्याने, पापा घेतल्याने जात नाही. अशा बाळंतिणीला वेगळी खोली, वेगळी भांडी देणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगितलेलं आहे. फक्त टूथब्रश, रेझर, नेलकटर वेगळे ठेवा, स्तनाग्रांना चीर पडून रक्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि घरातल्या बाकीच्यांनी तपासणी करून लस घ्या.

पेंटाचे तीनही डोस इतर बाळांसारखेच, एकही दिवस उशीर न करता. मग बाळ नऊ ते बारा महिन्यांचं झालं की रक्ताच्या दोन तपासण्या: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस, म्हणजे लसीने तयार झालेली प्रतिपिंडं मोजणारी. त्याआधी करू नका, इम्युनोग्लोब्युलिनची प्रतिपिंडं रक्तात असतात आणि निकाल फसवा येतो. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी १० किंवा अधिक आली, म्हणजे बाळ सुरक्षित आहे. दुसरी १० पेक्षा कमी आली तर पुन्हा डोस देतात. गोवर-रुबेलाला नऊ महिन्यांनी जालच, त्याच दिवशी डॉक्टरांकडून या तपासणीची चिठ्ठी लिहून घ्या आणि आलेला रिपोर्ट ममता कार्डाला टाचून ठेवा.